पत्त्यांना काय कळतंय!

टॅरोच्या पत्त्यांना भविष्य कळत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या पार्टीतल्या मंडळींना पुढचं वाचताना दातओठ खावे लागणार नाहीत. पुठ्ठ्याचे ७८ तुकडे ते. त्यांना माझं अप्रेझल माहीत नाही, सासूबाईंची शुगर माहीत नाही आणि पुण्यात पाऊस कधी पडणार हेही माहीत नाही (ते तसं कोणालाच नसतं म्हणा).

तरीही वर्षातून एकदा-दोनदा मी पैसे मोजून टॅरो रीडिंग करून घेते. आणि दर वेळी घरी हा संवाद होतो.

“किती घेतले?”

“बाराशे.”

“बाराशेत दोन चांगली पुस्तकं आली असती.”

“मागच्या महिन्यात तू आणलेली दोन अजून प्लास्टिकमध्येच आहेत.”

इथपर्यंत गंमत असते. मग खरा वाद सुरू होतो. आम्ही दोघंही इंजिनियर, मी टेस्टिंगवाली आणि तो डेटावाला. त्याचं म्हणणं असं, की जी गोष्ट खोटी आहे तिचा उपयोग होतोय असं वाटत असेल तर ती जास्तच धोक्याची. माझं म्हणणं असं, की पत्ते काही सांगू शकत नाहीत हे मान्य, पण म्हणून त्यांच्यासमोर पाऊण तास बसणं वाया गेलं असं होत नाही. तीन वर्षं झाली, वाद तिथेच आहे. या शनिवारी म्हटलं, एकदाचं सगळं नीट लिहून काढू. आधी त्याची बाजू, कारण ती खरंच भक्कम आहे.

पहिला मुद्दा इतिहासाचा. रीडिंग करणारे बरेच लोक सांगतात, की टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान. प्रत्यक्षात हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत आले, आणि आले ते चक्क खेळायला! ‘तारोक्की’ नावाचा हुकमाचा खेळ होता, आपल्या मेंढीकोटासारखा हात जिंकायचा. मिलानच्या विस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले सुंदर पत्ते अजूनही संग्रहालयांमध्ये आहेत. फ्रान्समध्ये लोक आजही टॅरो हा खेळ म्हणूनच खेळतात. इजिप्तची कथा जोडली कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच लेखकाने, १७८१ साली. गंमत म्हणजे इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्यॉंने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे डॉक्युमेंटेशन वाचता येत नसताना या गृहस्थांनी प्रॉडक्टची हिस्टरी लिहून टाकली. आता बोला!

दुसरा मुद्दा, ‘पण माझं अगदी बरोबर सांगितलं हो!’ या वाक्याचा. बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझं विश्लेषण’ म्हणून एकेक कागद दिला. किती बरोबर आहे, पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. मग त्याने फोड केली, की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तो बहुतांशी रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. ‘तुम्ही वरून शांत दिसता पण आतून काळजी करता’ हे कोणाला लागू पडत नाही?

तिसरा मुद्दा तो सगळ्यात खुशीत मांडतो, कारण तो इथलाच आहे. जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. नरेंद्र दाभोलकरही त्यात होते. शंभर हुशार मुलं आणि शंभर मतिमंद मुलं यांच्या जन्मकुंडल्या घेतल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि एवढंच विचारलं, की हे मूल कोणत्या गटातलं? उत्तरं बरोबर आली ४६ टक्के. हा निष्कर्ष २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला.

“नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते,” नवरा म्हणतो. “आणि कुंडलीत निदान गणित तरी असतं. तुझ्या पत्त्यांत तेही नाही. पिसायचे आणि काढायचे.”

मला यातलं काहीही खोडायचं नाहीये. हे सगळं बरोबर आहे. टॅरो भविष्य सांगतं का, या प्रश्नावर आमच्या घरात वाद नाहीच. वाद त्याच्या पुढच्या प्रश्नावर आहे. ज्याला काहीच माहीत नाही अशा गोष्टीचा माणसाला उपयोग होऊ शकतो का?

टेस्टिंगवाल्यांना याचं उत्तर माहीत आहे. १९८८ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातले बार्टन मिलर एका वादळी रात्री फोनलाइनवरून कॉम्प्युटरला जोडून काम करत होते. पावसामुळे लाइनवर खरखर होऊन मध्येच भलतीसलती अक्षरं घुसत होती, आणि त्या कचऱ्याने युनिक्सचे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम धडाधड कोसळत होते. मिलरनी त्याचा रीतसर प्रकल्प केला. प्रोग्रॅमना मुद्दाम अर्थहीन, वाट्टेल ते इनपुट द्यायचं आणि काय होतं ते बघायचं. १९९० साली त्यांनी निष्कर्ष छापले. युनिक्सच्या ज्या ज्या आवृत्त्या तपासल्या, त्या प्रत्येकीत पाव ते एक तृतीयांश प्रोग्रॅम अशा कचऱ्याने बंद पडले किंवा अडकून बसले. आज आम्ही याला फझ टेस्टिंग म्हणतो आणि मोठमोठ्या कंपन्या ते रात्रंदिवस चालवतात.

आता बघा, त्या इनपुटला प्रोग्रॅमबद्दल काय माहीत असतं? शून्य. पण प्रोग्रॅम लिहिणारा माणूस जे इनपुट कधी देणार नाही, तेच ते देतं. आपण आपलाच कोड तपासतो तेव्हा नकळत मळलेल्या वाटेनेच जातो. स्वतःच्या आयुष्याबद्दल विचार करतानाही तसंच होतं. तेच चार मुद्दे, तोच क्रम, तीच फेरी.

आता उदाहरण, कारण हवेतल्या गोष्टी नवऱ्याला चालत नाहीत.

गेल्या वर्षी नागपूरला माझ्या बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. सौम्य होता, वेळेत उपचार मिळाले, पण डावा हात आणि बोलणं यांना वेळ लागणार होता. आई एकटी सगळं बघत होती. मी एकुलती एक. इकडे माझं लीडचं प्रमोशन अगदी तोंडाशी आलेलं. नागपूरला मिहानमध्ये काम मिळण्यासारखं होतं, पण पद आणि पगार दोन्ही खाली. जावं की राहावं?

आम्ही काय केलं असेल ओळखा. बरोब्बर! एक्सेल शीट. नवऱ्याने ती अतिशय प्रेमाने बनवली, हे आवर्जून सांगते. चौदा ओळी, प्रत्येकीला वेटेज. पगार, होम लोनचा हप्ता, विमानाची तिकिटं, त्याचं पुण्यातलं काम, बाबांची फिजिओथेरपी, माझं अपराधी वाटणं (हो, त्यालाही वेटेज होतं, आठ). उत्तर आलं ६१ विरुद्ध ५८. मग मी एका ओळीचं वेटेज पाचवरून सात केलं आणि उत्तर उलटलं. दोन महिने आम्ही ती शीट इकडून तिकडे ढकलत होतो, आणि रोज रात्री मला झोप लागत नव्हती.

अशात मी कोथरूडमधल्या त्या बाईंकडे गेले. साधी खोली, उदबत्ती नाही, स्फटिकाचे गोळे नाहीत. मी विचारलं, “नागपूरला जाऊ का?” त्या म्हणाल्या, “हो-नाहीचा प्रश्न पत्त्यांना विचारायचा नाही. त्यांना काय कळतंय? नागपूरबद्दल बोला.” तीन पत्ते काढले. दोन फुसके निघाले. त्यांतल्या एकात तिघीजणी पेले उंचावून नाचत होत्या, आणि तो बघून मला फक्त कॉलेजची ट्रिप आठवली. तिसरा होता टेन ऑफ वाँड्स. एक माणूस दहा लांब काठ्या कवेत घेऊन वाकून चाललाय, तोंड काठ्यांत खुपसलेलं, आणि पुढे थोड्या अंतरावर गाव दिसतंय.

“काय दिसतंय?” बाईंनी विचारलं.

“ओझं.”

“ते मलाही दिसतंय. कुठे चाललाय हा?”

“त्या गावात. काठ्या पोचवायला.”

“गावाने मागवल्यात का?”

मी गप्प. सहा-सात सेकंद असेल, पण मला तो वेळ आठवतो. कारण त्या चौदा ओळींमध्ये सगळं होतं, फक्त आई-बाबांना नक्की काय हवंय ही ओळ नव्हती. नवऱ्याने विचारलं नव्हतं, कारण ते माझे आई-बाबा. मी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर ते ‘ये’ म्हणतील आणि मग पर्याय उरणार नाही, ही भीती. ही भीती शीटमध्ये कुठल्या रकान्यात टाकणार?

त्या रात्री नागपूरला फोन केला. आई म्हणाली, “हे बघ, तू इथे येऊन दिवसभर लॅपटॉप घेऊन बसशील, आणि मी तुझ्या जेवणाची काळजी करीन. त्यापेक्षा महिन्यातून चार दिवस रजा टाकून नीट ये. आणि संध्याकाळी एक माणूस ठेवून दे, बाबांना जिना चढवायला.” बाबांना फोन दिला. ते हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाले, “खालचा... फ्लॅट... बघ.” तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराला लिफ्ट नाही. झटका आल्यापासून ते खाली उतरायलाच घाबरत होते. त्यांना मी हवी होतेच, पण त्याआधी तळमजला हवा होता.

फ्लॅट आम्ही बघितला, भाड्याने घेतला. मी दर महिन्याला जाते. हा निर्णय बरोबर ठरेल का? मला माहीत नाही. बाबांची तब्येत कशी वळण घेईल त्यावर आहे, कदाचित पुढच्या वर्षी मला जावंही लागेल. पत्त्यांनाही ते माहीत नाही. पण प्रश्न बदलला एवढं नक्की, आणि मला झोप लागायला लागली.

नवऱ्याने हे सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य टाकलं, “तीनपैकी दोन पत्ते फेल. म्हणजे फेल्युअर रेट सहासष्ट टक्के.”

“फझ टेस्टिंगमध्ये बहुतेक इनपुट वायाच जातात, राजा. एक लागलं की बास.”

मग थोडा वेळ गप्प बसून तो म्हणाला, “हे तू मला का नाही सांगितलंस? त्या बाईंना सांगितलंस ते? मी फुकटात ऐकलं असतं.”

हा त्याचा खरा मुद्दा आहे असं मला वाटतं. फोरर आणि नारळीकर बाजूला ठेवा. बायको मनातली भीती आपल्याला न सांगता बाराशे रुपये देऊन तिऱ्हाइताला सांगते, हे कोणालाही लागेल. मी त्याला जे उत्तर दिलं ते इथेही लिहिते. आपल्या माणसाशी बोलताना प्रत्येक वाक्याला परिणाम असतात. मी ‘मला जायची भीती वाटते’ म्हटलं की तो लगेच उपाय शोधायला लागतो. ‘मला जायचंय’ म्हटलं की त्याच्या नोकरीचा प्रश्न येतो. त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली की मी वाक्य बदलते. पत्त्यातल्या त्या वाकलेल्या माणसाला होम लोन नाही. त्याच्याबद्दल बोलताना मी माझ्याबद्दल बोलू शकते, आणि नंतर तेच घरी येऊन सांगू शकते. मी घरी येऊन सांगितलंच.

आणि हे चित्र कामाला येतं याला कारण आहे. आज सगळ्यात जास्त चालणारा संच १९०९ साली लंडनमध्ये निघाला, रायडर नावाच्या प्रकाशकाचा. कल्पना आर्थर वेट यांची, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तोपर्यंतच्या बहुतेक संचांमध्ये साध्या पत्त्यांवर नुसत्या काठ्या, पेले, तलवारी असायच्या, आपल्या चौकट-बदामासारख्या. स्मिथबाईंनी त्या साध्या पत्त्यांवरही माणसं आणि प्रसंग काढले. कोणी ओझं वाहतंय, कोणी डोळ्याला पट्टी बांधून बसलंय, कोणी पेले मागे टाकून निघून चाललंय. पत्त्याचं नाव पडलं रायडर-वेट, तिचं नाव बराच काळ मागेच राहिलं. पण माझ्या मते यातलं खरं भांडवल तिचंच.

नवऱ्याचं गाव सिंधुदुर्गात. तिथे देवळात कौल लावतात. देवाच्या मूर्तीला ओले तांदूळ किंवा पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर एक अर्थ, डावी पडली तर दुसरा. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजोबांनी कलमांच्या वाटणीचा वाद कौल लावूनच मिटवला ना? तांदळाला आंब्यांतलं काय कळतं? पण कोणी भाऊ भावासमोर हरला नाही, देवाचा शब्द म्हणून दोघांनी मान्य केलं.

“बरोबर,” तो म्हणाला, “पण तिथे अख्खं गाव साक्षीला असतं. गुरवाने कौल फिरवला तर चार जण बोलतात. तुझ्या खोलीत साक्षीदार कोण?”

खरं सांगायचं तर हे मला बिनतोड वाटलं. कारण साक्षीदार नसला की काय होतं ते मी पाहिलंय. ऑफिसातल्या एका मैत्रिणीला दुसऱ्या एका रीडरने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की ‘तुझ्या संसारात तिसरी व्यक्ती दिसते’. मग ती व्यक्ती दूर करायला ‘एनर्जी क्लीन्सिंग’, अकरा हजार, यूपीआयने. मग आणखी सात हजार. पैसे गेले ते गेले, पण त्या पोरीने तीन महिने नवऱ्याचा फोन चोरून तपासला. काही सापडलं नाही, तर तिला वाटलं तो जास्तच हुशार आहे. ते घर अजून सावरलेलं नाही. नवरा म्हणतो, तुझ्यासारखे शहाणे लोक जातात म्हणून असल्या लोकांना इज्जत मिळते. या आरोपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे, ते देते.

माझ्या चार अटी आहेत. एक, जी बाई किंवा बुवा ‘होणार’ या क्रियापदाने बोलतो, तिथून उठायचं. दोन, तब्येत, कोर्टकचेरी आणि शेअर्स हे विषय पत्त्यांसमोर काढायचेच नाहीत, त्यासाठी शिकलेली माणसं आहेत. तीन, खोलीत हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे हे विचारायचं नाही. त्या मैत्रिणीचं घर नेमकं तिथेच फुटलं. चार, फी आधी ठरलेली, उपाय-तोडगे नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी परत बोलावलं तर जायचं नाही. या अटी लावल्या की टॅरोच्या धंद्यातले बहुतेक लोक बाद होतात हे मला माहीत आहे. होऊ देत.

“मग नाणंच उडव ना,” नवऱ्याचा शेवटचा बाण. हेही झालेलं आहे! स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने २०१३ पासून लोकांना एका वेबसाइटवर नाणं उडवायला लावलं. नोकरी सोडू का, नातं संपवू का, असे अडलेले निर्णय. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. ज्यांना नाण्याने ‘बदल कर’ सांगितलं, त्यांनी बदल करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि मोठ्या निर्णयांत बदल करणारे सहा महिन्यांनी जास्त समाधानी होते.

“सँपल बायस,” नवरा लगेच म्हणाला. “जो माणूस नाणं उडवायला वेबसाइटवर जातो तो मनाने आधीच अर्धा निघालेला असतो.”

अरे, तेच तर म्हणतेय मी! माणूस अर्धा निघालेला असतो आणि त्याचं त्यालाच दिसत नसतं. नाणं फक्त हो-नाही म्हणतं. चित्र त्यापेक्षा बरं, ते ‘कुठे चाललायस’ असं विचारायला जागा देतं. मैत्रीण चांगली असेल, समुपदेशक चांगला असेल, तर तेही हेच करतात, आणि कदाचित जास्त चांगलं. मनाचा खरा त्रास असेल तर तिकडेच जावं, पत्त्यांकडे नाही.

पण एक गोष्ट मला या वादातून पक्की कळली. साक्षीदाराची जी जागा कौलाच्या वेळी गाव भरून काढतं, ती आमच्याकडे नवरा भरून काढतो. रीडिंगहून आले की तो ‘किती घेतले’ विचारतो, मग ‘काय म्हणाल्या’ विचारतो, आणि मग एकेक वाक्य उलटतपासणीला घेतो. यातलं तुला आधी काय माहीत होतं? यातलं कोणालाही काय लागू पडेल? या चाळणीतून जे उरतं तेवढंच माझं. त्या दिवशी एकच प्रश्न उरला होता, गावाने मागवल्यात का. हा प्रश्न पत्त्यावर छापलेला नव्हता, हे त्यानेच मला दाखवून दिलं.

तेव्हा ज्यांच्या घरात टॅरोवरून भांडणं होतात त्यांना माझं एवढंच सांगणं, की श्रद्धावाल्याने पत्त्यांना काही कळत नाही हे मोकळेपणाने मान्य करावं, त्याने काही बिघडत नाही. आणि संशयवाल्याने, बायको किंवा नवरा तिथे जाऊन नक्की काय बोलला हे पैशांचा विषय काढायच्या आधी विचारावं. उत्तर ऐकायला पाऊण तास लागतो, आणि त्याची फी नाही.

असो. नवरा हे सगळं वाचून म्हणाला, नारळीकरांचा परिच्छेद चांगला झालाय, बाकी ठीक. मी त्याला विचारलं, तुझं काय अडलंय सध्या? तो म्हणाला, काही नाही. मग दहा मिनिटांनी स्वतःच बोलायला लागला, पत्त्यांशिवाय. :)